पैलवानाचं मनगट

८ जानेवारी
नवा लॉट तपासला. प्लॅस्टिकचे पैलवान: टकला, जटावाला, मुखवटावाला. रंगखोलीतल्या बायकांनी ठेवलेली नावं. डब्यावरची इंग्रजी नावं कोणाच्या तोंडी बसत नाहीत. तिघांचं धड आता एकच. टीव्हीवर जटावाला टकल्याच्या डोक्यावरून पलीकडे पाहतो, इथे दोघं खांद्याला खांदा लावून उभे.
विलासला विचारलं. "वहिनी, पोट्टे डोकं पाहून घेतात. धड कोण पाहून राहिलं?"
धाकट्या दिराशी वाद घालण्यात अर्थ नाही. कारखाना त्याच्या नावावर आहे. तपासणीची सही तेवढी माझी. बी.एस्सी.चा उपयोग यांनी जाण्यापूर्वी एवढा एकच करून ठेवला.
लिहिलं: नमुन्याबरहुकूम. सही.

१६ जानेवारी
काल शंकर नगरला निर्मलाकडे हळदीकुंकू. जाऊबाईंनी या वर्षी वाण म्हणून काय लुटावं? पैलवान. प्रत्येकीला तिळगूळ, हळदकुंकू आणि चड्डी घातलेला एक उघडा पुरुष. "घरचाच माल आहे, घ्या हो!"
रेल्वेतल्या जोशीबाई म्हणाल्या, "अगं निर्मला, हा घेऊन मी रिक्षात कशी बसू? लोक काय म्हणतील?"
"म्हणावं, नवरा लहान मिळाला."
फार हसल्या सगळ्या. मीही.
मग शोकेसकडे लक्ष गेलं. चांदीच्या वाट्यांमागे पहिल्या वर्षीचा टकला उभा होता. नवं राज्य होऊन रायपूर नुकतं राजधानी झालं होतं तेव्हाचा. बादल्या-मगांखेरीज आम्ही पहिल्यांदा काही दुसरं काढलं होतं, यांनी दोन्ही घरी एकेक ठेवला होता. आमचा कुठे गेला कोण जाणे.
हातात घेतला. जड. विसरलेच होते की तो जड होता.
निर्मलाला विचारून पर्समध्ये टाकून आणला.

१७ जानेवारी
दोघांना टेबलावर आडवं घातलं. जुना आणि परवाचा वाणातला.
जुन्याचं कोपर वळतं, गुडघा वळतो, घोटासुद्धा. छातीवर स्नायू कोरलेले, पाठीवरही. डोळ्यात पांढरं, त्यात तपकिरी, त्यात काळं, आणि वर पांढऱ्या रंगाचा एक ठिपका, म्हणून तो बघतो. ओठांच्या कडा स्वच्छ. मनगटातली खुंटी जाड, टोकाला टोपी असलेली. जोर लावून ओढलं, हलली नाही.
नव्याचं कोपर नाही. गुडघ्याच्या जागी नुसती रेघ. दंड पोकळ, दाबला की खळगा पडतो. पाठ सपाट. डोळे म्हणजे दोन काळे टिकले. मनगट मात्र वळतं, कारण डब्यावर छापलंय की पैलवान जिंकल्याचा पट्टा डोक्यावर धरतो. ते वचन मोडता येत नाही. पण पोकळ हातात जाड खुंटी बसत नाही, म्हणून खुंटी काडीएवढी.
एकाच साच्यातले दोघे भाऊ म्हणावे, तर धाकटा दुष्काळात जन्मला.
आणि मधल्या प्रत्येक लॉटवर माझी सही आहे.

१८ जानेवारी
झोप नीट नाही. विचार करत होते, हे माझ्या डोळ्यांदेखत झालं कसं.
आठवलं. मंजूर नमुना लाखेची मोहर लावून माझ्या कपाटात असायचा. परदेशातले कुस्तीवाले मुंबईला आले, तेव्हा त्यांना दाखवायला म्हणून लायसनवाल्यांनी, म्हणजे त्यांच्याकडून नावं घेऊन आम्हाला काम देणाऱ्या मुंबईच्या कंपनीने, तो मागवून घेतला. परत आला नाही. दोनदा मागितला, मग सोडून दिलं. तेव्हापासून मागच्या लॉटमधला बरा नग कपाटात ठेवायचा आणि नवा लॉट त्याच्याशी ताडायचा, अशी रीत पडली. रीत कोणी पाडली असं नाही, कामाच्या घाईत पडली.
त्यामुळे दर लॉट मागच्यासारखाच होता. केसभर कमी. केसभर फरक कोण अडवतं? मग तो केसभर कमी असलेला कपाटात जायचा आणि पुढच्याचा नमुना व्हायचा.
मी "नमुन्याबरहुकूम" लिहिलं ते दर वेळी खरं होतं. हेच वाईट.

२४ जानेवारी
विलासच्या टेबलावर दोन्ही पैलवान उभे केले. त्याने जुना उचलला, कोपर वाकवलं, सरळ केलं. बराच वेळ करत राहिला.
"दादाच्या वेळचा हाय हा."
"हो. आता सांग, हा असा का झाला?"
सांगितलं त्याने, लपवलं काहीच नाही. कुस्तीवाल्यांनी नावाचे पैसे वाढवले. लायसनवाल्यांनी दुकानातला भाव तोच ठेवला, कारण भाव वाढला की पोरं चिनी बनावट घेतात. मधला फरक आमच्या अंगावर. डबा मात्र चकचकीत पाहिजे, कारण परदेशातून फक्त डबा तपासतात. "डब्याचा लाल रंग तीनदा वापस आला वहिनी. आतल्या गड्याबद्दल एक शब्द नाही. त्यायले नाव बरोबर पाहिजे, चिन्ह बरोबर पाहिजे. गडी मेला तरी चालते."
त्यात पैलवान टिकत नाहीत. एखादा कंपनी सोडून गेला की त्याचं नाव वापरता येत नाही. मागच्या साली असाच एक गेला आणि त्याची डोकी पोती भरून पडली. मुंबईहून निरोप आला, मिशी रंगवा, नवं नाव देतो. रंगवली. विकली गेली.
"मग साच्यावर खर्च कोण करणार? माणूस सहा महिने टिकत नाही, साचा कशाले टिकवायचा?"
"आणि तुला काही वाटत नाही?"
"मले काय वाटून राहिलं ते विचारता का ऑर्डर टिकवता, सांगा."
जुना पैलवान कपाटात ठेवला, कुलूप लावलं. आता ताडणं याच्याशी.

६ फेब्रुवारी
याच्याशी ताडलं की एकही नग पास होत नाही. हे मी काय करून बसले? दोन दिवस फक्त "सांध्यात दोष", "रंगात दोष", "वजन कमी". विलासने कागद पाहिले आणि परत दिले. "वहिनी, हे तर पूर्ण कारखानाच नापास झाला."
मधला मार्ग काढला. रंग, चेहरा, वजन जुन्याशी ताडणं सोडून दिलं; रंग उघड बाहेर गेलेला नग तेवढा पूर्वीसारखा बाजूला. जुन्याशी ताडायचं फक्त जे तुटून हातात येईल ते. डोकं, हात, पाय. मला स्वतःला हे पटलेलं नाही, पण याखाली मी जाणार नाही.

१३ फेब्रुवारी
डोळे छापायचं यंत्र आलं. रंगखोलीत आता पाचच बायका, ओठ आणि चड्डीपुरत्या. रामबाई त्यांच्यात मोठी, अभनपूरच्या रस्त्यावरच्या गावाहून बसने येते. जुन्या पैलवानाच्या डोळ्यातला पांढरा ठिपका तिच्या हातचा. मला वाटलं होतं, रडेल. कमरेवर हात ठेवून यंत्राकडे पाहत उभी राहिली.
"आँखी मशीन करही, त हमन का करबो दीदी? नाक पोंछबो?"
डोळे मशीन करणार, मग आम्ही काय नाकं पुसायची? बाकीच्या खिदळल्या. यंत्राने पहिल्याच तासाला एकाचे डोळे कपाळावर छापले. रामबाईने तो पदराआड ठेवला. शनिवारी घरी नेणार म्हणे, नातीला.
शनिवारची रीत यांनी घातली होती. नापास माल फोडून परत दळायचा नाही, बायकांनी पोरांसाठी न्यायचा. तिच्या पाऱ्यात, म्हणजे वस्तीत, प्रत्येक घरी पैलवान आहे, ओठाबाहेर रंग गेलेला, नाहीतर एक भुवई नसलेला. यांना त्याचं फार कौतुक होतं.

११ मार्च
ऊन तापलं. गोदामातल्या मालाला घाम. खरंच घाम. प्लॅस्टिक मऊ करायचं तेल स्वस्तातलं घेतलंय, ते उन्हाने वर येतं आणि पैलवान डब्याच्या पारदर्शक झाकणाला चिकटतो. काढताना नाकाचा रंग झाकणावर राहतो. बिलासपूरच्या एका दुकानदाराचा फोन: "मैडम, पहले वाला माल नहीं आएगा क्या?" मी म्हटलं, नाही. त्या बिचाऱ्याने घाईने फोन ठेवला. खोटं ऐकायची तयारी करून बसला असावा.

२७ मार्च
नवा लॉट. मनगटाला ताणकाटा लावला. जुन्याला लावते तेवढाच जोर. मूठ निघून आली. दुसरा घेतला, निघाली. पुढे प्रत्येक पेटीतला नग घेऊन पाहिला, काही टिकले, पुष्कळ नाही. टेबलावर मुठी पडल्या होत्या. शेंगदाण्याएवढ्या.
विलासला बोलावून दाखवलं. हा लॉट जाणार नाही म्हटलं.
"डब्यावर लिहिलंय ना, लहान पोरांसाठी नाही म्हणून."
"लहान पोरं डबा वाचतात?"
"मायबाप वाचतात."
"तू वाचतोस?"
चिडला. लॉट गोदामात ठेवलाय, सुट्ट्यांच्या आधी बाजारात गेला पाहिजे, मुंबईचे रोज विचारतात. मी सही केलेली नाही. पहिल्यांदाच.

९ एप्रिल
रामबाई आली नाही. नोनी आजारी आहे असं सोबतच्या बाईने सांगितलं. नोनी म्हणजे नात, तीन वर्षांची. मुलगा-सून कामाला बाहेरगावी, पोर आजीजवळ. खोकला थांबत नव्हता, ओठ निळे पडले, तेव्हा रायपूरला मोठ्या दवाखान्यात आणली. शेंगदाणा श्वासनळीत गेला म्हणे.
शेंगदाणा. वाचून घेतलं स्वतःच लिहिलेलं. २७ मार्चला हाच शब्द लिहिलाय मी.

१० एप्रिल
दवाखान्यात गेले. पोर झोपलेली, नाकाला नळी. छाती भरभर वर-खाली. रामबाई खाली फरशीवर बसली होती. माझ्याकडे पाहिलं आणि मी काही विचारण्याआधीच म्हणाली, "मूंगफली लील डारिस, दीदी." मोठ्याने, आजूबाजूच्यांना ऐकू जाईल असं.
बाहेर डॉक्टरीणबाई भेटल्या. तरुण आहेत, दमलेल्या. मला घरची समजल्या. दुर्बीण घालून काढलं म्हणाल्या, थोडा उशीर झाला असता तर पोर हाती लागली नसती. उजव्या फुप्फुसाचा खालचा भाग अजून उघडलेला नाही, वाट पाहायची. मग कागदाची पुडी उघडली.
"दादी कह रही हैं मूंगफली. मूंगफली के अंगूठा होता है क्या?"
मूठ. चार बोटं वळलेली, वर अंगठा.
"किस खिलौने का है? मुझे लिखना है. दूसरे बच्चे भी होंगे."
मागे रामबाई दारात येऊन उभी होती. मी म्हटलं, मी तिच्या कामावरची आहे, घरची नाही; आजीशी बोलून सांगते. पुढच्या गुरुवारी पोरीला दाखवायला आणाल तेव्हा सांगा, म्हणाल्या त्या.
जिन्यात रामबाईने माझा हात धरला. इतक्या वर्षांत कधी धरला नव्हता. "डाक्टरिन बाई पूछही त झन बताहू. कारखाना बंद होही त हमन का खाबो?" सांगू नका, कारखाना बंद झाला तर आम्ही खाणार काय.
"अगं, तुझी नात मरता मरता वाचली."
"वाचली न," ती म्हणाली. मराठीत. आमच्याकडून शिकलेलं.

११ एप्रिल
कोणता पैलवान होता ते विचारलं रंगखोलीत. याच लॉटमधला, मागच्या शनिवारी नेलेला. मीच बाजूला काढला होता. ओठाबाहेर रंग गेला म्हणून.
लॉट अडवला होता, आणि शनिवारचा माल दर शनिवारसारखा मीच वाटला. गोदामाला कुलूप घातलं की झालं असं वाटलं होतं मला.

१२ एप्रिल
विलासला सांगितलं, सगळं. खुर्चीत बसला आणि म्हणाला, "पोट्टी बरी आहे ना? खर्चाचं मी पाहतो. तिले सांगा, काही काळजी नको करू." तो वाईट नाही. वाईट असता तर काम सोपं होतं.
मी म्हटलं, जाड खुंटी करा. नवा साचा, भरीव हात. जमणार नाही म्हणाला, आणि खरंच जमणार नाही, हिशेब मलाही कळतो. मग मनगटच काढून टाका, मी म्हटलं. मूठ हाताला जोडूनच ओता. सांधा नाही तर तुटणार काय?
त्याने डोळे मोठे केले. "वहिनी, हे तर स्वस्तच पडते! आधी काहून नाही सांगितलं?"
लगेच मुंबईला फोन. तिकडे एका मिनिटात मंजूर. डब्यावरची ओळ बदलणार. पट्टा आता पैलवानाच्या कमरेला कायमचा रंगवून.
जुन्या टकल्याचा शेवटचा वळणारा सांधा मी काढला. पुढे कोणी विचारलं, इतका रद्दी माल कसा झाला, तर त्यातलं एवढं माझं. पोरांसाठी केलं हे डब्यावर छापता येत नाही.
तरी हे ठीक आहे. हे मी पुन्हा करीन.
पण गोदामातला लॉट? "तो जाऊ द्या वहिनी. एवढा माल दळला तर आपण उठणार नाही. पुढचा चांगला काढू."
नाही म्हटलं.
"सही कोणाचीही चालते," तो खाली पाहून म्हणाला. "शिक्का कारखान्याचा आहे. पण मले तुमची पाहिजे. दादानंतर तुम्हीच."
गुरुवारपर्यंत थांब म्हटलं. गुरुवारी दुपारी ट्रक लागेल म्हणाला.

१५ एप्रिल
रंगखोलीतल्या पाची जणी घरी आल्या, तेलीबांध्याला. रामबाई पुढे. चहा घेतला नाही. "सही कर देव, दीदी." माझ्याइतकंच त्यांना माहीत आहे, कुठलं मनगट कसं निघतं ते. एकीने सांगितलं, आम्ही आमच्या पोरांच्या पैलवानांचे हात आधीच तोडून चुलीत घातले. म्हणजे पाऱ्यातली पोरं सुरक्षित.
"आणि बाकीची?" मी विचारलं. "दुकानातून घेणारी?"
रामबाई म्हणाली, "ओ मन पइसा वाला हें. ओ मन देखहीं." त्यांचं ते बघतील.
मी कडक बोलले. नको इतकं. त्या चपला घालून निघून गेल्या. जाताना सगळ्यात लहान होती ती रडत होती, माझ्या बोलण्याने नव्हे.

१६ एप्रिल
लायसनवाल्यांना कळवायचं म्हटलं तर ते काय करतील ते मला माहीत आहे. काम काढून घेतील, दुसरीकडे देतील, तिथे कपाटात कोणताच जुना टकला नसेल. डॉक्टरीणबाईंनी लिहिलं तर चौकशी, गोदामाला सरकारी कुलूप, रंगखोलीला माझ्या हातचं. न लिहिलं तर ट्रक.
विलासला आज फोनवर म्हटलं, निदान पेट्या उघडून मुठी डिंकाने, कशानेही चिकटवू. त्याने केव्हाच करून पाहिलंय. तेलकट प्लॅस्टिकवर काही धरत नाही.

१७ एप्रिल, गुरुवार
दवाखान्यात आहे. नंबर यायचाय, म्हणून इथेच बाकावर लिहिते. रामबाईने काल संध्याकाळी फोन करवला होता: आप पढ़ी-लिखी हो, साथ चलो. परवाच्या बोलण्याचा राग तिने धरला नाही. किंवा धरलाय, आणि तरी बोलावलं.
विलासचा फोन येऊन गेला. ट्रक लागलाय, हमाल बसलेत. "काय करू वहिनी?" तासाभराने सांगते म्हटलं.
पोर आमच्या दोघींच्या मध्ये बसली आहे. आवाज अजून घोगरा. जिना चढून आली तर धाप लागली, आजीने कडेवर घेतली. मी लिहिते ते वाकून पाहते, पेनाला हात लावते. फ्रॉकवर खिसा आहे, खिशात टकला, उजवा हात मनगटाशी संपलेला. एवढ्या एकाचा डावा हात चुलीतून वाचला. तिने दिलाच नाही म्हणे.
आता एवढ्यात मला म्हणाली, "मोर पहलवान के हाथ डाक्टर करा हे. माँग दे न." पैलवानाचा हात डॉक्टरकडे आहे, तो मागून द्यायचा.
समोरच्या बाकावरची बाई वळून पाहू लागली. रामबाईने पोरीचं तोंड हाताने झाकलं, मग हात काढला आणि तिचे केस नीट करत बसली. हळू म्हणाली, "भीतर कुछु झन कहिबे, नोनी. चुप रहिबे त दीदी तोला नवा देही. दूनो हाथ वाला."
मग माझ्याकडे पाहिलं. "देहू न, दीदी?"
पोरही पाहते आहे. दोघी थांबल्यात. मी मान खाली घालून लिहिते आहे, कारण लिहीत असले की बोलावं लागत नाही.
नवा दूनो हाथ वाला गोदामात आहे. ट्रकजवळ. हवे तेवढे आहेत.
"देबे?" पोर विचारते.
परिचारिकेने नाव पुकारलं. रामबाई उठली. पोरीने माझं बोट धरलंय.